एका पत्रातले दोन प्रश्न

३१ मार्च १७७६. ॲबिगेल ॲडम्स मॅसॅच्युसेट्समधून फिलाडेल्फियाला, अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसच्या कामात गुंतलेल्या नवऱ्याला, जॉनला, लिहिते: नवे कायदे करताना बायकांना विसरू नका. त्याच पत्रात ती शंका काढते, माणसांना गुलाम करून ठेवणाऱ्या व्हर्जिनियाकरांची स्वातंत्र्याची ओढ कितपत खरी? जॉनने तिची मागणी हसण्यावारी नेली. जुलैत समतेची ग्वाही देणारा स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला; तो लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यांवर गुलामच राबत होते.

न्यू जर्सीत मात्र वेगळंच घडलं. तिथे पन्नास पौंडांची मालमत्ता असली की मत. त्यामुळे विधवा, अविवाहित स्त्रिया, स्वतंत्र कृष्णवर्णीयही मतदान करू लागले. विवाहितेची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, तिला कुठलं मत! १८०७मध्ये कायदा बदलला आणि मतदान फक्त गोऱ्या पुरुषांपुरतं उरलं.