रुग्ण आपल्या गावचा हवा

ठिकठिकाणाहून आलेले सर, मॅडम आणि एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंगच्या माझ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनो,

कोणी समृद्धी महामार्गाने आलात, कोणी एसटीने. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या या तालुक्यात, समस्त मालेगावकरांच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करते.

मार्च 2020 मध्ये वर्ग बंद झाले आणि नर्सिंगचे तास मोबाइलवर आले. वर्ग पुन्हा भरले, तरी ऑनलाइन तास काही सुटले नाहीत. पण अजूनही बरेचदा तिथे पीपीटी नुसती वाचून दाखवली जाते. मुलगी हजेरी लावते, माइक बंद करते. रेंज गेली की तास बुडाला. तिला बोल लावून काय उपयोग?

आपल्याकडे पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतातून सर्पदंशाचे रुग्ण येतात. हा धडा स्लाइडने सुरू करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवा : "बाई, डोये उघडूनच नाई रायले." दंशाची खूण कुठे दिसत नाही. आता विचारा, आधी काय बघाल? पापण्या, श्वास, बोलताना अडखळणं. उत्तरं मुलींकडूनच येऊ द्या. मग रक्ताची चाचणी दाखवा : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलिलिटर रक्त, 20 मिनिटं जराही न हलवता. त्या 20 मिनिटांत रुग्णाची नवनवी लक्षणं कळवत राहा, आणि प्रत्येकीकडून नोंद लिहून घ्या. नळी तिरपी केल्यावर रक्त गोठलेलं नसेल, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका घ्यायची. गोठलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. मण्यारीच्या दंशात रक्त गोठतं, तरी श्वास बंद पडू शकतो. हा फरक अशा तासात शिकलेली मुलगी रात्रपाळीत विसरणार नाही.

याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. जिथे व्हिडिओ अडकतो, तिथेही आवाज आणि फोटो उशिरा का होईना पोहोचतात. मात्र शीर शोधणं, सुई टोचणं वॉर्डातच, सिस्टरांच्या देखरेखीखालीच शिकायचं. त्यात मी तडजोड मान्य करणार नाही.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती : परतण्यापूर्वी आपल्या विषयातला एक धडा आपल्या भागातल्या रुग्णावर बेता आणि याच सभागृहात विद्यार्थ्यांसमोर घेऊन दाखवा. तो कुठे कंटाळवाणा झाला, हे त्यांना मोकळेपणाने सांगू द्या.