रविवार मिळाला, मग बल्ब आला

आजचा भाग कनेरगाव नाक्यावरून. वर्क फ्रॉम होम चालू आहे, त्यामुळे मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आपल्याकडे शेतात रोजानं जाणाऱ्याला घड्याळ लागत नाही. दिवस मावळायला आला की काम सुटतं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं तसं नाही. रात्री साडेदहाला चॅटवर ‘एक मिनिट आहे का?’ असं येतं आणि ते मिनिट बारापर्यंत चालतं. मग कामाचा दिवस संपला, हे ठरवायचं कुणी? हीच भानगड मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या खापरपणजोबांच्या काळात झाली होती.

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, कावसजी दावर यांची. वाफेवर चालणारी. आता बघा, बैल दमला की नांगर थांबतो. इंजिनाला कोळसा टाकत राहिलं की ते दमत नाही, मग त्याच्यासमोर उभ्या माणसानंही दमायचं नाही. १८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा आला. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. हो, सातच म्हणालो मी. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला ९ तास. मोठ्या माणसांना मर्यादाच नाही.

इथे येतात नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्र चालवणारे. शाळेत आपल्याला यांचं नाव नीट कुणी सांगितलं नाही, याचा मला राग आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या ऐका: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, इजा झाली तर भरपाई. आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यात दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात बायकांसाठी ११ तास आणि मुलांसाठी ७ तास ठरले. पुरुषांसाठी मात्र काहीच नाही. लोखंडे १८९७ च्या प्लेगच्या साथीत गेले, त्यामुळे पुढचं त्यांना बघावं लागलं नाही.

पुढचं म्हणजे वीज. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. तोवर अंधार पडला की काम थांबायचं. मागणीतला शब्द आठवा: सूर्यास्त! आमच्या भाषेत सांगायचं तर तासांची मर्यादा कुठे लिहिलेलीच नव्हती, ती सूर्यावर डिपेंडंट होती. बल्ब आला आणि डिपेंडन्सीच गेली. पाळ्या १४-१५ तासांवर गेल्या. कामगार चिडले, संप झाले. शेवटी १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी पहिल्यांदा आकडा लिहिला: दिवसाला १२ तास. तिथून १९४८ च्या कायद्यातल्या ९ तासांपर्यंत, आठवड्याला ४८ पर्यंत यायला आणखी ३७ वर्षं लागली.

यात बल्बला शिव्या घालून उपयोग नाही. लोडशेडिंगमध्ये अभ्यास केलेल्यांना बल्बची किंमत कळते. पण प्रत्येक नवं यंत्र वेळेची जुनी हद्द पुसतं आणि नवी हद्द आपोआप आखली जात नाही. तेव्हा बल्ब होता, आज खिशातला फोन आहे.

आणि हा विषय संपलेलाही नाही बरं का. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, हेही सांगायला हवं. पण १२ हा आकडा आपण आत्ताच ऐकला ना?

आता एक काम करा. तुमचं ऑफर लेटर फोनमध्ये असेलच. उघडा आणि काम किती वाजता सुटतं असं लिहिलंय ते बघा. कदाचित लिहिलेलंच नसेल. जे सापडेल ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. चला, माझा फोन वाजतोय!