गांवठाणांतलीं घरें

अंधेरीच्या उंच इमारती सर्वांच्याच दृष्टीस पडतात. परंतु त्यांच्या आडोशाला आंबोली, गुंदवली, चकाला, मरोळ हीं जुनीं गांवठाणें अद्याप तग धरून आहेत, हें पुष्कळांच्या ध्यानांतही येत नाहीं. गांवठाण म्हणजे शेतजमिनीपासून वेगळी राखलेली राहत्या वस्तीची जागा. शेतें केव्हांच गेलीं. वस्ती तेवढी उरली.

साष्टी बेट १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेलें आणि १७३९ पर्यंत मराठ्यांनीं तें जिंकून घेतलें. मधल्या दोन शतकांत येथील पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं, तथापि घरांतली बोली मराठीच राहिली. १८८७ मध्यें या समाजानें ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. त्यांचीं जुनीं घरें पाहावीं. उतरतें कौलारू छप्पर कोंकणच्या पावसासाठीं. ओसरी येणाऱ्याजाणाऱ्याशीं दोन शब्द बोलण्यासाठीं. माडीचा जिना बाहेरून, म्हणजे वर भाऊ राहो कीं भाडेकरू, खालच्यांना उपद्रव नाहीं. वळणावर क्रूस, त्यांतले कित्येक १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले.

यांतलें एकही घर राजवाडा नव्हे. त्यांचें मोल एकमेकांच्या शेजारांत आहे. मधलें एक घर पाडून तेथें सात मजले चढले, कीं शेजारच्या अंगणांतलें ऊन जातें, आणि उरलेलें घर जुनें न वाटतां केवळ मोडकें वाटूं लागतें. म्हणून रक्षण करावयाचें तें एकेका घराचें नव्हे, सबंध वस्तीचें.

हें तत्त्व मुंबईच्या १९९५ च्या वारसा-नियमावलीनें मान्य केलें. याच समाजाच्या घरांसाठीं प्रसिद्ध असलेली गिरगांवची खोताचीवाडी त्या यादींत आली. तरीही तेथील सुमारें ६५ घरांपैकीं आज निम्मींही उरलीं नाहींत. असें कां व्हावें? मालकांना दोष देणें सोपें आहे. परंतु किडलेला वासा बदलण्याचा खर्च एकाचा, वारस दहा, आणि भाव मात्र जमिनीला, घराला नाहीं.

जें घर सगळ्या शहराचें भूषण, त्याच्या कौलांचा भार एकट्या कुटुंबानें कां वाहावा? घरपट्टींत सूट, अल्प व्याजानें कर्ज, जुन्या कामाचे जाणते सुतार, एवढें साह्य शहरानें केलें तर उपनगरांतलीं गांवठाणें राहतील. यादींत नांव लिहिणें हा केवळ आरंभ होय. छप्पर गळण्यापूर्वीं शाकारून देणें हेंच खरें रक्षण.