‘पंचवीस वर्षांतून एकदा’ म्हणजे काय?



‘अघटित’, ‘अभूतपूर्व’, ‘शतकातून एखाद्या वेळी घडणारे’ ही विशेषणे वृत्तपत्रांत आपण नित्य वाचतो. घटना बहुधा खरी असते. विशेषण मात्र तपासून घ्यावे लागते. ते तपासण्याचे साधन म्हणजे संभाव्यतेचे गणित. अपूर्णांकांचा गुणाकार ज्याला येतो, त्याला हे गणित अवघड नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना त्याचा उपयोग कसा होईल, एवढेच आज सांगावयाचे आहे.

कोणतीही नवलाची बातमी वाचली की प्रथम विचारावे : संधी किती होत्या? २०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १७ लाख २७ हजार होती. एखादी गोष्ट एका माणसाच्या बाबतीत वर्षभरात घडण्याचा संभव लाखात एक इतकाच आहे, असे समजू. तरीही एवढ्या वस्तीच्या शहरात ती वर्षाकाठी सरासरी सतरा वेळा, म्हणजे दर तीन आठवड्यांस एकदा घडेल. ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला तो अघटित वाटणारच. शहराच्या दृष्टीने तो नित्याचा आहे.

पावसाचेही तसेच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात कुलाब्यास मात्र ७५ मिलिमीटरही झाला नाही. अतिवृष्टी नेमकी कोणत्या गावी होईल हे आधी सांगता येत नाही. पण राज्यातील हजारो गावांपैकी कोठे तरी ती होणार, हे जवळजवळ निश्चित असते. म्हणून ‘आमच्याच गावी कशी?’ या प्रश्नात गणितापेक्षा दुःख अधिक असते.

दुसरा प्रश्न : काळ किती? येथे आपल्या भागाचा जिव्हाळ्याचा विषय येतो. नद्यांच्या काठी आपल्याकडे दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र बांधकामास निषिद्ध मानले जाते. इंद्रायणीकाठी चिखली येथे निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महानगरपालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा तसा आदेश होता व सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. कित्येक कुटुंबांची आयुष्याची पुंजी त्यात गेली.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकले की माणूस समजतो, एकदा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निश्चिंती. हा समज घातक आहे. नदी मागच्या पुराचा हिशेब ठेवीत नाही. त्या शब्दांचा अर्थ इतकाच की, दरवर्षी असा पूर येण्याचा संभव २५ त १ आहे. गेल्या वर्षी येऊन गेला असला तरी यंदाही तेवढाच. पूर न येण्याचा संभव दरवर्षी २५ त २४. हा अपूर्णांक पंचवीस वेळा गुणिला तर उत्तर येते शंभरात सुमारे ३६. याचा अर्थ, पंचवीस वर्षांच्या कर्जाने त्या रेषेवर घर घेणाऱ्याला कर्ज फिटण्यापूर्वी एकदा तरी पूर पाहावा लागण्याचा संभव शंभरात ६४ आहे. शंभर वर्षांच्या लाल रेषेवर देखील तो शंभरात २२ इतका उरतो. घर घेताना हा आकडा कोणी सांगितला असता, तर किती जणांनी व्यवहार केला असता?

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल. पेटीत पंचवीस चिठ्ठ्या टाकाव्यात; त्यांपैकी एक लाल. प्रत्येक विद्यार्थ्याने पंचवीस वेळा चिठ्ठी काढावी, पाहावी व परत टाकावी. तीस मुलांच्या वर्गात साधारण अकरा जणांना लाल चिठ्ठी एकदाही मिळणार नाही, अकरा जणांना एकदाच मिळेल आणि आठ जणांना एकाहून अधिक वेळा मिळेल. आकडे थोडेफार बदलतील. पण ‘सरासरी एकदा’ आणि ‘नेमके एकदा’ यांतील अंतर मुले जन्मभर विसरणार नाहीत.

तिसरा प्रश्न : घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत काय? पवना, इंद्रायणी व मुळा या तिन्ही नद्यांना एकाच वर्षी पंचवीस वर्षांचा पूर येण्याचा संभव नुसत्या गुणाकाराने १५,६२५ त १ येतो. पण हा गुणाकार येथे लागू नाही. तिन्ही नद्या सह्याद्रीच्या एकाच रांगेतून येतात. त्यांना पाणी देणारा पावसाळा एकच. एकीला पूर आला की दुसरीचा संभव वाढतो. कारखान्यातही हेच ध्यानी ठेवावे. एकाच पाळीत, एकाच यंत्रावर दोन अपघात झाले, तर त्यास योगायोग म्हणण्यापूर्वी दोहोंचे समान कारण शोधले पाहिजे.

संभाव्यतेचे गणित हे जबाबदारी झटकण्याचे साधन नव्हे. २५ त १ हा आकडा मागील नोंदींवरून काढलेला असतो. नदीच्या पात्रात भराव पडला, ओढे बुजले, काठची माती काँक्रीटखाली गेली, तर तोच पूर अधिक वेळा येऊ लागतो. मग त्यास केवळ ‘दैवी आपत्ती’ म्हणणे रास्त ठरत नाही.

म्हणून पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे. खेड व मावळ तालुक्यांत नोकरीसाठी येणारा कामगार काठावर जागा पाहू लागतो, तेव्हा पूररेषेचा नकाशा त्याच्या नजरेस पडेल असा ग्रामपंचायतीच्या कचेरीत लावावा आणि त्याखाली मराठीत लिहावे : ‘निळ्या रेषेवरील घराला पंचवीस वर्षांत पूर येण्याचा संभव शंभरात ६४, रेषेच्या आत त्याहून अधिक.’ एवढ्या एका ओळीने अनेकांची पुंजी वाचेल.