वेगवान मोटारीची पारख

आमच्या धामापूरचा तलाव सन १५३० चा असून आजहि शेतांना पाणी देतो. वय हा दोष नव्हे. मोटारीचेंहि तसेंच. लाखावर किलोमीटर धांवलेली वेगवान मोटार घेतांना केवळ मीटरच्या आंकड्यावरून निकाल देऊं नये.

इंजिन रात्रभर थंड राहिल्यावरच सुरू करवावें. तापलेलें इंजिन दोष लपवितें. निळसर धूर दिसल्यास तेल जळत आहे. तापल्यावरहि दाट पांढरा धूर येत राहिल्यास रेडिएटरचें पाणी सिलिंडरांत शिरत असावें. शेवटीं मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचें कॉम्प्रेशन मोजवावें. एखाद्याचें फार उतरलेलें आढळल्यास रिंगा, वाल्व किंवा गॅस्केट यांत बिघाड आहे असें समजावें.

विक्रेता या तपासणीस नाहीं म्हणाला, तर आपली पुंजी खिशांतच ठेवावी.