पाखरांची शकावली

हिवाळा लागला की, नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ रविवारी पुष्कळ माणसे जमू लागतात. नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य ते हेच. गळ्यात दुर्बीण, पिशवीत डबा. चापडगावच्या बाजूने मनोऱ्यावर चढायचे, पाण्यावर पसरलेली बदके पाहायची, "काय हो ही पाखरं!" म्हणायचे, चार छायाचित्रे घ्यायची आणि ऊन तापले की घरची वाट धरायची. यात गैर काहीच नाही. पण घरी कोणी विचारले, "किती होती पाखरं?" तर उत्तर ठरलेले असते, "हजारो होती." गेल्या साली किती होती? "गेल्या साली जास्त होती." जास्त म्हणजे किती? इथे मात्र गाडी अडते.

मी इतिहासाचा अध्यापक. आमच्या विषयात दोन तऱ्हेचे कागद असतात. एक बखर आणि दुसरी शकावली. बखर वाचायला मोठी गोड. तिच्यात फौजा लाखांनी चालतात, वीर गर्जना करतात. पण ती बहुधा घटना घडून गेल्यावर कैक वर्षांनी, ऐकीव गोष्टींवरून लिहिलेली. शकावली अगदी रुक्ष. जेधे शकावली उघडून पाहा. शक, महिना, तिथी आणि एक-दोन ओळींत काय घडले ते. बस्स. ना अलंकार, ना गर्जना. तरीसुद्धा तारखेचा तंटा पडला की इतिहासकार धाव घेतो ती शकावलीकडे. राजवाड्यांनी १८९८ सालापासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापली, ती अस्सल समकालीन कागद पुढे यावा याच ध्यासाने.

पाखरांच्या बाबतीत आपण बहुतेक जण बखरकार आहोत. आपल्यापैकी थोड्यांनी तरी शकावलीकार व्हावे, एवढेच मला सांगायचे आहे. त्याची गरज काय, ते आता पाहू.

प्रथम त्या जागेविषयी दोन शब्द. नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय निसर्गाने केलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पाटाच्या पाण्यासाठी तिथे बंधारा घातला गेला. त्याच्यापासून डावा आणि उजवा असे गोदावरीचे दोन कालवे निघतात आणि कोपरगाव-राहात्याकडच्या शेतांना पाणी देतात. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, बेटे झाली, पाणी उथळ होऊन पसरले, त्यात पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने गाळ हे दुखणेच. पाखरांना मात्र ती पर्वणी! लांब तांबड्या पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालतो, चमच्या चिखल घुसळतो, थापट्या बदक पाण्याचा पृष्ठभाग चाळत जाते, आणि काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा लावलेले वारकरी तर दिंडीच काढतात. १९८६ साली इथे अभयारण्य झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणातल्या रामसर या गावी एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या कराराच्या यादीत हे ठिकाण आल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेले हे पहिलेच ठिकाण.

आता पाहा, माणसाने केलेल्या तळ्याचे पाणीही माणसाच्याच हातात. कालव्याला आवर्तन सुटले की पाणी उतरते, चिखल उघडा पडतो. वरच्या धरणांतून पाणी आले की तोच चिखल बुडतो. जलपर्णी वाढली की उघडे पाणी कमी होते. मग प्रश्न येतो की, पाणी कितपत असताना कोणते पाखरू किती? जलपर्णी वाढल्याने बदके कमी झाली, की त्या साली ती उत्तरेतूनच कमी आली? शेतकऱ्याला पाणी हवे आणि पाखरालाही हवे. या दोघांत तडजोड करायची तर हातात आकडा पाहिजे. "पूर्वी पुष्कळ होती" या वाक्यावर कोणताही अभियंता दरवाजा वरखाली करणार नाही, आणि त्याने तो करूही नये.

तेव्हा एक वही घ्यावी. तिच्यात काय लिहावे? तारीख, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ, नेमकी जागा, बरोबर कोण होते, हवा कशी होती, पाणी कुठपर्यंत होते. मग पाखराचे नाव आणि संख्या. ठिकाण दर खेपेला तेच ठेवावे आणि वेळही शक्यतो तीच. आज सकाळी दोन तास आणि पुढच्या खेपेला दुपारी वीस मिनिटे, अशा दोन दिवसांची तुलना करता येत नाही.

"पण हजारभर बदकं मोजायची कशी?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खळ्यातली रास कोणी दाणा दाणा मोजत नाही, माप घेऊन मोजतो. तसेच हे. आधी थव्याच्या कडेची दहा बदके मोजा. त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवा. तेवढ्याच जागेचे तुकडे थव्यावर टाकत पुढे चला. थवा मोठा असेल तर पन्नासांचे माप करा. दोघांनी स्वतंत्र मोजून मग आकडे ताडून पाहावेत. मोजण्यासाठी टाळ्या वाजवून थवा उडवणे मात्र सर्वस्वी वर्ज्य. हजारो कोसांवरून आलेल्या जिवाला आपल्या हौसेपायी दमवू नये.

आणखी तीन पथ्ये आहेत. पहिले म्हणजे जागच्या जागी लिहावे. संध्याकाळी घरी बसून आठवून लिहिले की बखर सुरू झालीच म्हणून समजा! दुसरे म्हणजे, जे ओळखता आले नाही ते तसेच लिहावे. 'बदके, जात नक्की नाही, सुमारे ४०' ही अत्यंत प्रामाणिक आणि उपयोगी नोंद आहे. एखादे दुर्मिळ नाव ठोकून देण्यापेक्षा शतपटीने बरी. इतिहासात आम्ही पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवतो, तसे इथेही ठेवावे. खाणगाव थडीचा एखादा मासेमारी करणारा सांगेल, "चक्रवाक परवाच उतरले." त्याची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असते, त्याचे सांगणे जरूर लिहावे. पण 'सांगितले' म्हणून लिहावे.

तिसरे पथ्य सर्वांत अवघड. शून्य लिहायला शिकावे. तुम्ही दरवर्षी डिसेंबरात चक्रवाक पाहता आणि या वर्षी एकही दिसला नाही. अशा वेळी माणूस वही मिटतो आणि म्हणतो, "आज काही विशेष नाही." अहो, तेच तर विशेष! पण हे शून्य केव्हा बोलते? दर खेपेला दिसलेली सगळी पाखरे तुम्ही लिहीत असाल तेव्हाच. निवडक लिहिणाऱ्याच्या वहीत एखादे नाव नसले, तर ते पाखरू नव्हते की याने लिहिले नाही, हे कसे कळणार?

नावांचाही थोडा घोळ होतो. कोणी वारकरी म्हणतो, कोणी चांदवा. पाखरू एकच. चोचीवर पिवळा आणि तांबडा रंग मिरवणाऱ्या बदकाला आपल्याकडे हळदीकुंकू हे किती गोड नाव आहे! ती नावे टाकू नयेत. मात्र शेजारी शास्त्रीय नाव जोडावे, म्हणजे दुसऱ्या प्रांतातल्यालाही वही वाचता येईल. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' या कामी हाताशी असावा.

आता तुम्ही म्हणाल, "या खटाटोपातून निष्पन्न काय?" नांदूर मध्यमेश्वरला कौतुकाने 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात. तेव्हा त्या मूळ भरतपूरचीच साक्ष काढू.

राजस्थानातल्या भरतपूरचे केवलादेव हे पूर्वी संस्थानिकांचे शिकारीचे ठिकाण. तिथे शिकारींचे हिशेब दगडावर कोरून ठेवलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले, असा आकडा त्यावर आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण मारणाऱ्यांनीही मोजून ठेवले, मग पाहणाऱ्यांनी आळस का करावा?

याच ठिकाणी १९८७-८८ च्या हंगामात विभु प्रकाश या अभ्यासकाने पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली. ती ३५३ भरली. त्या काळी गिधाड म्हणजे कावळ्या-चिमण्यांसारखे सामान्य पाखरू. त्याची कोण दखल घेणार? पण त्यांनी ती लिहून ठेवली होती. नऊ-दहा वर्षांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा घरटी निम्म्याहूनही कमी होती, आणि पुढच्या काही वर्षांत तिथे एकही जोडी उरली नाही. जुना आकडा वहीत होता म्हणूनच हे ठामपणे सांगता आले, आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ जागे झाले. २००४ साली कारण उघडकीस आले. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारताने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात हजारात एक या प्रमाणात उरली. समजा, ती ३५३ ची नोंदच नसती. तर "अलीकडे गिधाडं दिसत नाहीत बुवा," एवढेच म्हणत आपण बसलो असतो. म्हणून माझी विनंती आहे की, नवलाचे पाखरू कोणीही लिहील. तुम्ही सामान्य पाखरे मोजा. आजचे सामान्य उद्या सामान्य राहील, याची हमी कोणी दिलेली नाही.

भरतपूरचीच दुसरी साक्ष जरा कडू आहे. १९८२ साली तिथे म्हशी चारायला बंदी झाली. गुरे आत आल्याने पाखरांचे नुकसान होते, हे तेव्हा जाणत्यांचेही मत होते. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक तिथे वर्षानुवर्षे पाणी, गवत आणि पाखरे यांच्या नोंदी करीत होते. त्या नोंदींतून दिसले ते उलटेच! म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांची जागा कमी झाली. म्हशी या दलदलीच्या व्यवस्थेचा एक भाग होत्या. आधी वही आणि मग हुकूम असे झाले असते, तर कदाचित ती माणसे वाचली असती. बंदीचा पुरस्कार सोसायटीनेही केला होता, आणि तिच्याच नोंदींनी त्या मताला छेद दिला. नोंद ठेवण्याचे खरे मोल यात आहे. ती आपल्या बाजूचीही भीड ठेवत नाही.

"हे शास्त्रज्ञांचं काम, आमचं नव्हे," असे कोणी म्हणेल. शास्त्रज्ञ दोन-तीन वर्षांसाठी येतो आणि प्रबंध लिहून जातो. पाण्याकाठी जन्मभर राहणार आहात तुम्ही. आशियात १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, ती मुख्यतः हौशी माणसांच्या बळावर. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांत डॉक्टर आहेत, कारकून आहेत, विद्यार्थी आहेत. 'ई-बर्ड' या जागतिक नोंदवहीत आता फोनवरूनही यादी पाठवता येते. तशी अवश्य पाठवावी, म्हणजे वही कपाटात कुजणार नाही. फक्त दुर्मिळ पाखराच्या घरट्याचा पत्ता चारचौघांत फोडू नये.

माध्यमिक शाळांतल्या शिक्षकबंधूंना तर माझे खास सांगणे आहे. निफाड तालुक्यातच कशाला, तुमच्या गावचा पाझर तलावही चालेल. महिन्यातून एक सकाळ, तीच जागा, तेच दोन तास आणि दोनशे पानी एक वही. आठवीच्या वर्गाने ती सुरू करावी आणि दहावी झाली की खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. मुले बदलतील, वही तीच राहील. वीस वर्षांनी त्या तलावाचे काय करायचे याचा वाद गावसभेत निघेल, तेव्हा ती वही टेबलावर ठेवता येईल.

यंदाचा हिवाळा फुकट घालवू नका. पुढच्या रविवारी डब्याबरोबर वही आणि पेन्सिल घ्या. पेन्सिलच घ्या, शाई दवाने पसरते. तिथे पोहोचलात की दुर्बीण डोळ्यांना लावण्याआधी वर तारीख आणि वेळ लिहा. मग खुशाल पाखरे पाहत बसा.