पाने खाऊ देणारी बाग

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही जमाखर्च मांडतो, तसा तो आजही मांडला आहे. आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे. खताशी आमचा संबंध आला तो बहुतेक खतावणीपुरताच. तरीही आज एका बागेविषयी बोलण्याची परवानगी घेतली आहे. ताळेबंदातील ‘बाग व परिसर’ या सदराविषयी गेल्या सभेत एक रास्त प्रश्न विचारला गेला होता: धर्मादाय रुग्णालयाने फुलझाडांवर पैसा का खर्च करावा?

प्रथम हिशेबाचे उत्तर देतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. त्यासाठीचा निर्धन रुग्ण निधी स्वतंत्र ठेवावा लागतो. त्या निधीतील एक पैसाही बागेकडे वळविलेला नाही. बागेचा खर्च त्याच हेतूने आलेल्या देणग्यांतून झाला आहे. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही, कारण देणगीचा पैसाही शेवटी विश्वासाचाच असतो. म्हणून घडले ते सांगतो.

बाह्यरुग्ण विभाग आणि अतिदक्षता विभाग यांच्यामधील मोकळ्या जागेत नातेवाईक बसून असतात. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी अशा दूरच्या तालुक्यांतून ही माणसे येतात. आत जाता येत नाही आणि घरी जाववत नाही, अशी त्यांची अवस्था असते. त्यांच्या डोळ्यांना काही विसावा मिळावा, म्हणून आम्ही तेथे रोपवाटिकेतून झेंडू, झिनिया, कॉसमॉस अशी हंगामी फुलझाडे आणून लावली. फुलपाखरे आली, मध घेऊन निघूनही गेली. बहर ओसरताच जागा पुन्हा पूर्वीसारखी झाली.

त्याच जागेच्या कडेला एक जुने लिंबाचे झाड आहे. पावसाळ्यानंतर त्याची पाने कुरतडलेली दिसू लागली. रुग्णालयाचे आवार नीटनेटके दिसावे, या हेतूने आम्ही माळीबुवांना औषध फवारण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्क शेतकरी कार्यालयाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या पत्नी कित्येक दिवस अतिदक्षता विभागात होत्या. आम्हाला वाटले, बिलाविषयी काही विचारणा असेल. त्यांनी विचारले, “सायब, लिंबावरच्या अळ्या कुटं गेल्या? रोज बघत हुतो.”

आम्ही फवारणीचे सांगितले. ते क्षणभर थांबून म्हणाले, “शेतात आमीबी फवारतो. पन हितं लिंबं कुणाला इकायची हाईत?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. जी माणसे आत काय चालले आहे हे पाहू शकत नाहीत, त्यांच्यापैकी एकाने बाहेर काहीतरी वाढताना पाहण्याचा आधार शोधला होता, आणि आम्ही तो नीटनेटकेपणाच्या नावाखाली काढून घेतला होता. त्या दिवसापासून आवारातील झाडांवरील कीटकनाशक बंद झाले. निरुपद्रवी समजून वापरला जाणारा कडुलिंबाचा अर्कही बंद केला, कारण तोही अळीला घातकच असतो. आमचे खरे शिक्षण त्यानंतर सुरू झाले.

फुलाकडे फुलपाखरू मधासाठी येते, परंतु त्याचा संसार पानावर असतो. मादी वाटेल त्या झाडावर अंडी घालीत नाही. प्रत्येक जातीची अळी ठरावीक वनस्पतींचीच पाने खाते. लिंबावरील ‘लाइम बटरफ्लाय’ची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि रेशमी धाग्याने स्वतःला बांधून कोश करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास साधारण महिन्याभराचा असतो. तात्पर्य, पान खाऊ दिले नाही तर फुलपाखरू मिळत नाही. फुलांची बाग पाहुण्यांसाठी असते आणि पानांची बाग राहणाऱ्यांसाठी असते.

अशी झाडे शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. त्यांतील बहुतेक आपल्या परसात किंवा देवळाच्या आवारात असतातच. शंकराला वाहतो तो बेल लाइम बटरफ्लायलाही चालतो. फोडणीतील कढीपत्त्यावर ‘कॉमन मॉरमॉन’ अंडी घालते. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, ती रुई ‘प्लेन टायगर’च्या अळ्यांचे अन्न आहे. पानफुटीवर ‘रेड पिएरो’, बहाव्यावर ‘कॉमन एमिग्रंट’ आणि कोरांटीवर ‘लेमन पॅन्सी’ वाढते. खुळखुळ्याच्या झाडाकडे टायगर जातीचे नर विशिष्ट रसायने मिळविण्यासाठी गोळा होतात. मधासाठी तुळस, सदाफुली, पेंटास, इक्सोरा आणि जास्वंद ही झाडे एकापाठोपाठ एक फुलत राहतील अशी लावली. फुलपाखराला उडण्यासाठी अंग तापवावे लागते. म्हणून सकाळचे ऊन मिळेल आणि वारा थेट लागणार नाही, अशी जागा निवडून तेथे काही सपाट दगड ठेवले.

रुग्णालयाची बाग घरच्या बागेसारखी असून चालत नाही. येथे काही पथ्ये काटेकोर पाळावी लागतात. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून रुई मुलांचा हात पोहोचणार नाही अशा मागील भिंतीपाशी आहे. कण्हेरीवर ‘कॉमन क्रो’ची अळी वाढते हे खरे, परंतु कण्हेर सर्वांगाने विषारी असल्याने ती आम्ही लावलीच नाही. घाणेरीकडे फुलपाखरे झेपावतात, तथापि परदेशातून आलेल्या या झुडपाने आपल्या सह्याद्रीतील रानांत स्थानिक झाडांची जागा बळकावली आहे. तिलाही नकार दिला. कुंड्यांच्या मातीत बुरशी असते, म्हणून एकही कुंडी अतिदक्षता विभागात नेली जात नाही.

पाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड होता. फुलपाखरांना ओल्या मातीतील क्षार लागतात, पण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. तळे करण्याऐवजी आम्ही वाळूचा एक पसरट थर केला. तो सकाळी ओला केला जातो आणि दुपारपर्यंत सुकतो. दर आठवड्याला कोरडा दिवस पाळून कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या केल्या जातात. उद्या साथीत डासांविरुद्ध धूरफवारणी करावी लागली, तर ती निश्चितच केली जाईल. त्यात फुलपाखरे जातील, याचे दुःख होईल. परंतु रुग्णाचा जीव प्रथम, हा या संस्थेचा क्रम बदलणार नाही.

या बागेने रुग्ण बरे होतात, असा दावा आम्ही करणार नाही. बरे करण्याचे काम डॉक्टर, परिचारिका आणि औषधे करतात. मात्र एका अभ्यासाचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, अशा २३ रुग्णांची तुलना त्यांनी विटांची भिंत दिसणाऱ्या तशाच २३ रुग्णांशी केली. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एवढ्या लहान अभ्यासावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण खिडकीबाहेर काय असावे, याचा विचार करण्यास तो पुरेसा आहे.

आपला जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. राधानगरी अभयारण्याची घोषणा १९५८ साली झाली आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा त्या यादीत राधानगरीचाही समावेश झाला. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन, म्हणजेच राणी पाकोळी किंवा नीलवंत, हे राज्य फुलपाखरू घोषित केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. निळ्या-काळ्या पंखांचे हे मोठे फुलपाखरूही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. यंदा पावसानंतर ते आमच्या जास्वंदीवर दोनदा येऊन गेले. अद्याप मुक्कामाला राहिलेले नाही. आम्ही वाट पाहत आहोत.

त्या शेतकरी बाबांच्या पत्नी पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या. तपासणीसाठी पुन्हा आले तेव्हा बाबांनी पिशवीतून कढीपत्त्याची दोन रोपे आणली होती. ‘बाग व परिसर’ या सदरातील जमेच्या बाजूला त्यांची नोंद आम्ही रुपयांत करू शकलो नाही.

आपणांस एकच विनंती आहे. रुग्णाला भेटावयास येताना पुष्पगुच्छ आणू नका. तो आत नेता येत नाही आणि बाहेर सुकून जातो. त्याऐवजी आपल्या परसातील कढीपत्त्याचे एखादे रोप किंवा पानफुटीचे एक पान आणा. पानफुटीच्या एका पानापासूनही नवी झाडे होतात. आणि पुढील वर्षी आवारात कुरतडलेली पाने दिसली, तर प्रशासनाचे दुर्लक्ष झाले असे समजू नका. त्या पानांवर कोणाचे तरी पोट भरले आहे, आणि शेजारच्या बाकावर बसलेले कोणीतरी ते पाहत आहे.